संगणकीय साहित्याचा प्रसार आणि त्याचे आयुष्य

१

साहित्यकृतीची निर्मिती आणि तिचा प्रसार यांचा विचार स्वतंत्र प्रकरणांत करण्याची वाङ्मयेतिहासकारांची जुनी रीत आहे. मुद्रित ग्रंथापुरती ती सोयीची ठरते. ग्रंथ एकदा छापून झाला म्हणजे त्याच्या दहा प्रती खपल्या काय किंवा हजार, त्याच्या अंतरंगात काही फरक पडत नाही. आणि विक्री थांबली तरी ग्रंथालयात राहिलेली एखादी प्रत शंभर वर्षांनीही वाचता येते. परंतु गेल्या चार दशकांत संगणकावर रचले गेलेले आणि संगणकावरच वाचता येणारे जे प्रयोगशील साहित्य निर्माण झाले, त्याच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. येथे कृती वाचकाच्या हाती कोणत्या रीतीने दिली गेली, यावरच ती पुढे किती काळ वाचता येईल हे बहुतांशी ठरत आले आहे. हे विधान उदाहरणांनी तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी विषयाची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. छापील पुस्तक पडद्यावर आणले म्हणजे ते संगणकीय साहित्य होत नाही. ज्या रचनेत वाचकाच्या निवडीने कथेचा क्रम बदलतो, शब्द हालतात किंवा आज्ञावली दरवेळी नवा पाठ निर्माण करते, अशी रचना येथे अभिप्रेत आहे. तिच्याच जोडीने वाढलेल्या आणि आंतरजाल हेच माध्यम मानणाऱ्या जालकलेचाही उल्लेख ओघाने येईल. या दोहोंच्या प्रसाराच्या इतिहासात तीन रीती दिसतात : बंद प्रत विकणे, कृती एका ठिकाणी ठेवून तिचे दर्शन घडवणे, आणि मूळ आज्ञावलीसह उघडी प्रत, ती उतरवून घेण्याच्या अनुज्ञेनिशी, वाचकास देणे. या रीती काळाच्या दृष्टीने एकमेकींत मिसळलेल्या आहेत. तथापि विवेचनासाठी त्या वेगळ्या मानणे इष्ट होय.

२

या साहित्याचा आरंभ जाळ्यावरच झाला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. जागतिक महाजाल अस्तित्वात येण्यापूर्वी, १९८६ साली, अमेरिकेतील लेखिका ज्युडी मॅलॉय यांनी 'अंकल रॉजर' ही कथा 'द वेल' या संगणकीय जाळ्यावरील 'आर्ट कॉम इलेक्ट्रॉनिक नेटवर्क' येथे क्रमशः सादर करण्यास प्रारंभ केला. कॅलिफोर्नियातील संगणक-व्यवसायाच्या परिसरात घडणारी ही कथा लहान लहान खंडांची होती, आणि प्रत्येक खंडास शोधशब्द जोडलेले होते. पुढे त्यांनी बेसिक या आज्ञाभाषेत तिची स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली. तीत वाचक आपल्या पसंतीच्या शोधशब्दावरून कथेत शिरू शकत असे.

दुसरा आणि अधिक प्रसिद्ध टप्पा १९८७ सालचा. मायकेल जॉइस, जे डेव्हिड बोल्टर आणि जॉन स्मिथ यांनी 'स्टोरीस्पेस' ही लेखन-आज्ञावली तयार केली होती. त्या वर्षी हायपरटेक्स्टविषयक परिषदेत तिचे प्रात्यक्षिक म्हणून जॉइस यांची 'आफ्टरनून, अ स्टोरी' ही कथा लोकांपुढे आली. ५३९ खंडांची ही कथा; कोणता खंड कोणत्या खंडापाठोपाठ यावा हे काही अंशी वाचकाच्या आधीच्या वाचनावर अवलंबून. सकाळी पाहिलेल्या अपघातात आपलाच मुलगा दगावला की काय, या शंकेभोवती निवेदक घुटमळत राहतो, आणि वाचकही त्याच्यासमवेत त्याच त्या खंडांकडे परत परत येतो.

१९९० साली ही कथा ईस्टगेट सिस्टिम्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने फ्लॉपीवर प्रसिद्ध केली. पुढे स्ट्युअर्ट मोल्थ्रॉप यांची 'व्हिक्टरी गार्डन' (१९९१), शेली जॅक्सन यांची 'पॅचवर्क गर्ल' (१९९५) अशा कृती याच मार्गाने वाचकांकडे गेल्या. या संस्थेचे ऋण मान्य केले पाहिजे. तिने या लेखनास संपादन दिले, ग्रंथासारखे वेष्टन दिले, लेखकास मोबदला दिला. आणि विद्यापीठांतून या कृतींचा अभ्यास सुरू झाला तो मुख्यतः त्या विकत घेता येत होत्या म्हणून. परंतु विकत घेतलेली फ्लॉपी ही बंद पेटी होती. आतील पाठ विशिष्ट आज्ञावलीनेच उघडे, आणि ती आज्ञावली विशिष्ट यंत्रावरच चाले. मॅकिंटॉश संगणकाच्या २००७ च्या प्रणालीपासून जुन्या आज्ञावली चालवण्याची सोयच उरली नाही. प्रकाशकाने काही कृतींच्या नव्या आवृत्त्या काढल्या, काहींच्या निघाल्या नाहीत. ज्यांच्या कपाटात मूळ फ्लॉपी सुस्थितीत होती, त्यांच्यापाशीही वाचता येण्याजोगे पुस्तक राहिले नाही.

३

बंद प्रतीचे टोकाचे उदाहरण म्हणून १९९२ सालच्या 'अग्रिपा'चा विचार करता येईल. कादंबरीकार विल्यम गिब्सन, चित्रकार डेनिस अ‍ॅशबॉ आणि प्रकाशक केव्हिन बेगॉस यांनी मिळून ही कृती सिद्ध केली. वडिलांच्या छायाचित्रसंग्रहावरून सुचलेले गिब्सन यांचे दीर्घ काव्य एका फ्लॉपीवर होते. ती एकदा चालवली की ओळी पडद्यावरून सरकत जात आणि पाठ कूटबद्ध होऊन कायमचा बंद होई. स्मृती जशी पुन्हा हाती लागत नाही तसे काव्यही लागू नये, अशी ही योजना होती.

योजना मात्र फसली. डिसेंबर १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे या काव्याचे प्रक्षेपण झाले असता प्रेक्षकांतील काहींनी त्याचे गुपचूप चित्रण केले. त्यावरून उतरवलेला पाठ लवकरच जाळ्यावर आला आणि हातोहात पसरला. तो मूळ फ्लॉपीतून न येता चित्रणावरून उतरवला गेला होता, ही गोष्ट संशोधकांनी २००८ साली उजेडात आणली. एकाच वाचनापुरते रचलेले काव्य आज कोणासही वाचता येते, याचे श्रेय लेखकाची अनुज्ञा न घेता प्रत करणाऱ्यांकडे जाते. येथे एक नैतिक पेच आहे. त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.

४

एप्रिल १९९३ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने महाजालाची आज्ञावली सर्वांस विनामूल्य आणि विनाअट खुली केली. या निर्णयाचे वाङ्मयीन परिणाम दूरगामी झाले. कोणत्याही पानाची मूळ आज्ञावली वाचकास ब्राउझरमध्येच पाहता येई. पाहणे, उतरवून घेणे आणि बदलणे यांत अंतर राहिले नाही. पुष्कळ कलावंत ही कला एकमेकांची पाने उघडून पाहतच शिकले.

मॉस्कोच्या ओल्या लिआलिना यांची १९९६ सालची 'माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर' ही या काळातील महत्त्वाची कृती. युद्धावरून परतलेला तरुण आणि त्याची प्रेयसी यांचा तुटक संवाद. काळ्या पार्श्वभूमीवर शब्द आणि धूसर चित्रे. प्रत्येक स्पर्शासरशी पडदा लहान लहान चौकटींत विभागत जातो, आणि अखेरीस दोघांमधील अंतरच जणू पडद्यावर मांडले जाते. रचना साधी, आज्ञावली उघडी. त्यामुळे इतर कलावंतांनी तिची स्वतःची रूपे केली, आणि लिआलिना यांनी ती सारी एका संग्रहात एकत्र मांडली. मूळ कृतीभोवती पाठभेदांची एक परंपराच उभी राहिली.

तथापि उघडेपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे. बहुतेक जालकृती एकाच सर्व्हरवर ठेवलेल्या असत. वाचक तेथे येऊन त्यांचे दर्शन घेई आणि परत जाई. देवळात ठेवलेल्या एकुलत्या एका पोथीसारखी ही स्थिती होती : दर्शन सर्वांना, पण देऊळ पडले की पोथी गेली. न्यूयॉर्क येथील 'एडावेब' या प्रायोगिक कलासंस्थेने १९९५ पासून अनेक कलावंतांच्या जालकृती प्रसिद्ध केल्या. १९९८ साली तिचे आर्थिक पाठबळ संपले. मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने तिचा सर्व संग्रह आपल्याकडे घेतला, म्हणून तो वाचला. पुष्कळ संकेतस्थळांना असे घर मिळाले नाही.

याच संदर्भात १९९७ सालची एक घटना बोलकी आहे. जर्मनीतील कासेल येथे भरणाऱ्या 'डॉक्युमेंटा' या विख्यात कलाप्रदर्शनाच्या दहाव्या पर्वात जालकलेचा समावेश होता. प्रदर्शन संपताच त्याचे संकेतस्थळ बंद करण्यात येईल आणि त्यातील मजकूर सीडीवर विकला जाईल, असे आयोजकांनी ठरवले. त्यावर स्लोव्हेनियाचे कलावंत वुक चोसिच यांनी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत करून ती आपल्या देशातील सर्व्हरवर ठेवून दिली. तत्कालीन वृत्तांतात या कृत्यास चोरी म्हटले गेले. आज ते जालकलेच्या इतिहासातील एक कृती म्हणून गणले जाते. दर्शनाची जागा बंद होत असता प्रत करणे हाच एक मार्ग उरतो, हे चोसिच यांनी कृतीनेच सांगितले.

५

उघड्या आज्ञावलीचा हा काळ फार टिकला नाही. १९९६ नंतर फ्लॅश ही आज्ञावली प्रचारात आली. हालते शब्द, ध्वनी आणि चित्र यांचा मेळ तीत सुलभपणे घालता येई. त्यामुळे १९९९ ते २०१० या काळातील कितीतरी उत्तम संगणकीय काव्ये तिच्यातच रचली गेली. दक्षिण कोरियातील सोल येथून काम करणाऱ्या 'यंग-हे चँग हेवी इंडस्ट्रीज' या लेखकद्वयाची 'डकोटा' ही कृती प्रसिद्ध आहे. जाझ संगीताच्या ठेक्यावर शब्द पडद्यावर आदळत जातात, आणि वाचकास थांबण्याची मुभाच नसते. परंतु फ्लॅशमधील कृती पुन्हा बंद पेटीतच होती. वाचकाकडे येई ते चालवण्याजोगे रूप. ज्यावरून ते सिद्ध झाले ती मूळ संचिका लेखकाच्या संगणकातच राही. शिवाय पेटीची किल्ली एका कंपनीच्या हाती होती. २०१७ साली अडोबी कंपनीने फ्लॅश मागे घेण्याचे जाहीर केले. ३१ डिसेंबर २०२० रोजी तिचा आधार संपला, आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश चालवणे बंदच करण्यात आले. सुमारे दोन दशकांचे वाङ्मय एका दिवसात मिटले असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होईल, कारण ते वाचवण्याचे प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाले होते. 'रफल' या मुक्त आज्ञावलीच्या साह्याने जुन्या फ्लॅशकृती आज पुष्कळ अंशी पाहता येतात. नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनेही तशी सोय केली. परंतु जी फ्लॅश-संचिका कोणी उतरवून घेतलीच नव्हती तिला 'रफल'चा काही उपयोग नाही. किल्ली नव्याने घडवता येते. पेटीच हरवली तर उपाय नाही.

६

या अनुभवातून तिसऱ्या रीतीचा जाणीवपूर्वक पुरस्कार झाला. इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशन ही संस्था १९९९ साली शिकागो येथे स्थापन झाली. २००४ साली तिच्या वतीने निक माँटफर्ट आणि नोआ वॉर्ड्रिप-फ्रुइन यांनी 'अ‍ॅसिड-फ्री बिट्स' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. आम्लयुक्त कागद जसा स्वतःच्याच गुणाने झिजतो, तशीच काही संगणकीय रचना जन्मतःच अल्पायुषी असते, हा नावातील अभिप्राय. लेखकांना तिने दिलेला उपदेश व्यवहार्य होता : खुल्या प्रणाली वापराव्यात, मूळ संचिका जपाव्यात, आज्ञावलीत स्पष्टीकरणे लिहावीत, आणि मुख्य म्हणजे इतरांना कृतीच्या प्रती करू द्याव्यात.

२००६ साली या विचारास मूर्त रूप आले. कॅथरिन हेल्स, माँटफर्ट, स्कॉट रेटबर्ग आणि स्टेफनी स्ट्रिकलंड यांनी संपादिलेला 'इलेक्ट्रॉनिक लिटरेचर कलेक्शन'चा पहिला खंड ६० कृतींसह जालावर आणि सीडीवर एकाच वेळी प्रसिद्ध झाला. क्रिएटिव्ह कॉमन्स अनुज्ञेनुसार व्यापारी हेतूवाचून कोणीही त्याची जशीच्या तशी प्रत करावी, ग्रंथालयांनी ती वाचकांस द्यावी, अशी मुभा होती. दुसरा खंड २०११ साली आला. २०१६ च्या तिसऱ्या खंडात ११४ आणि २०२२ च्या चौथ्यात १३२ कृती आहेत. अर्थात अनुज्ञा असूनही संग्रहातील फ्लॅशकृतींवर २०२१ चे संकट आलेच. परंतु संचिका जगभर पसरलेल्या होत्या आणि त्या हाताळण्याचा अधिकार नि:संदिग्ध होता. म्हणून दुरुस्तीस आधार मिळाला.

या रीतीचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे माँटफर्ट यांची 'टारोको गॉर्ज'. तैवानमधील टारोको दरीला भेट दिल्यावर जानेवारी २००९ मध्ये त्यांनी ही छोटीशी आज्ञावली पायथन भाषेत लिहिली. ती चालू असेपर्यंत निसर्गवर्णनाच्या ओळी अखंड निर्माण करीत राहते. पुढे ती ब्राउझरमध्ये चालेल अशा रूपात आणली गेली. रेटबर्ग यांनी तिच्यातील दरी, झरे व खडक यांचे शब्द काढून तेथे टोकियो शहराचे शब्द घातले, शीर्षकाशेजारील माँटफर्ट यांचे नाव खोडून आपले लिहिले आणि 'टोकियो गराज' सिद्ध केली. तेथून रूपांतरांची रीघच लागली. खोडलेल्या नावांची यादी हीच त्या कृतीची वंशावळ बनली. तिसऱ्या खंडात संपादकांनी या रूपांतरांना मूळ कृतीइतकेच स्थान दिले. ज्यांनी ही आज्ञावली उतरवून घेतली त्यांना ती बारकाईने वाचावीच लागली, आणि प्रत्येक रूपांतराबरोबर मूळ रचनेची एक प्रत नव्या ठिकाणी ठेवली गेली.

७

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अनुज्ञा आणि उघडी आज्ञावली एवढ्याने कृती वाचत नाही. कोणीतरी ती सांभाळावी लागते. हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या व्हँकूव्हर येथील प्रयोगशाळेत जुने संगणक चालू स्थितीत राखून त्यांवर जुन्या कृती वाचल्या जातात. तेथील डीन ग्रिगार आणि मोल्थ्रॉप यांनी २०१३ साली सुरू केलेल्या 'पाथफाइंडर्स' या प्रकल्पात लेखक आणि वाचक मूळ यंत्रावर कृती कशी वाचतात याचे चित्रण करण्यात आले. 'अंकल रॉजर' आणि 'पॅचवर्क गर्ल' यांचा त्यात समावेश आहे. पोथी आणि पोथीचे वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली राहिली तरी दुसरी लोपू शकते, हे तत्त्व त्यामागे आहे. 'व्हिक्टरी गार्डन'ही याच प्रयोगशाळेने २०२२ साली ब्राउझरमध्ये वाचता येईल अशा रूपात पुन्हा उपलब्ध केली. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे लेखक हयात होता, राजी होता आणि कामात सहभागी होता. जेथे यांपैकी काही नसेल तेथे पूर्वी दिलेल्या लेखी अनुज्ञेवाचून ग्रंथपालाचे हात बांधलेले राहतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपली कृती नष्ट व्हावी अशीच लेखकाची इच्छा असेल तर? 'अग्रिपा'च्या बाबतीत वाचकांनी ती मोडली. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा इच्छेचा आदर केला पाहिजे. परंतु ती स्पष्टपणे व्यक्त झालेली असावी. आज ज्या कृती नाहीशा होत आहेत त्यांपैकी बहुतेकींचा नाश कोणीही इच्छिलेला नाही. यंत्र बदलले, कंपनीने हात काढला, सर्व्हरचे भाडे थकले, आणि अनुज्ञा विचारण्याचे कोणास सुचले नाही : एवढ्यानेच त्या जातात.

८

हा इतिहास परका आहे असे मराठीच्या अभ्यासकास वाटण्याचे कारण नाही. महानुभाव पंथाचे वाङ्मय सकळ इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. पंथीयांनी त्याच्या प्रती निष्ठेने केल्या, म्हणून ते टिकले. परंतु लिपीची किल्ली पंथाबाहेर कोणापाशी नसल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तिची उकल होईपर्यंत इतर मराठी वाचकांना ते जवळजवळ अज्ञातच राहिले. प्रत आणि किल्ली या दोन्ही गोष्टी लागतात, हा धडा आपल्या वाङ्मयाने फार पूर्वी दिलेला आहे.

त्याची पुनरावृत्ती आपल्याच डोळ्यांदेखत झाली. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले होते. तथापि त्याचा वापर रूढ होण्यास बरीच वर्षे लागली. तोवर मराठी संकेतस्थळांवरील मजकूर निरनिराळ्या संस्थांच्या खासगी टंकांत लिहिला जाई. तो टंक संगणकावर नसेल तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. त्या काळातील मराठी जाललेखनाची प्रत कोठे सापडलीच, तरी ती वाचण्यासाठी प्रथम टंकाचा शोध घ्यावा लागतो.

यावरून निघणारे कर्तव्य साधे आहे. मराठीत आज जे संगणकीय प्रयोग होत आहेत त्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ संकेतस्थळाचा पत्ता टिपून घेणे पुरेसे मानू नये. लेखक हयात आहे तोवरच त्याच्याकडून मूळ संचिका मागून घ्यावी, प्रत करण्याची अनुज्ञा लेखी घ्यावी, आणि कृती प्रत्यक्ष कशी चालते याचे एक चित्रण करून ठेवावे. विभागाच्या ग्रंथालयाने या तिन्ही गोष्टी प्रबंधाच्या प्रतीबरोबरच दाखल करून घ्याव्यात. हे काम पुढील पिढीवर सोपवता येणार नाही. कारण तिच्या हाती बहुधा पत्ता तेवढा येईल, आणि त्या पत्त्यावर कोणी राहत नसेल.